पाइपातलं पाणी

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी रडले ती घरात माणसं बसली होती म्हणून. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे काहीतरी गोड येईल म्हणून वाट बघत बसू नका. तसा वाचायचा तुम्हाला कंटाळाच होता. पंचायतीचा कागद आला की माझ्यापुढे टाकायचात आणि म्हणायचात, "बघ गो, काय बोंबलतात ते." आता हा कागद तुमच्यापुढे टाकायला कोणी नाही, म्हणूनच लिहायचा धीर आला असेल. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत मला तुमच्याशी जे बोलायचं होतं ते मी भांड्यांना बोलले, अंगणवाडीतल्या पोरांवर नको तेव्हा ओरडले. आज सकाळी माळ्यावरचे गोणपाट काढायला शिडी लावली आणि हाताला पहिल्यांदा लागला तो पाइप. काळा, मनगटाहून जाड, आत कापडाचे थर असलेला रबरी पाइप. एका तोंडाला पितळी कपलिंग आणि त्यावर तुम्ही गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी, अजून घट्ट. वासही तोच, तापलेल्या रबराचा आणि ओल्या शेवाळाचा. तुमच्या सदऱ्याला हाच वास यायचा. लहानपणी मला तो आवडायचा, हेही खरं आहे.

तुम्ही पंचायतीचे पाणीवाले. होळी झाली की विहिरी तळाला जायच्या, शहापूरहून टँकर सुरू व्हायचा, आणि तो आला की सरपंचाला नसेल एवढा मान तुम्हाला मिळायचा. ड्रायव्हर दरवर्षी बदलायचे, तुम्ही कधी बदलला नाहीत. टँकर वर रस्त्यावर उभा राहायचा, आपलं घर आणि गावची विहीर खाली उतारावर, त्यामुळे पाणी चढवावं लागत नव्हतं, पाइप सोडला की आपोआप उतरायचं. तुम्ही पाइपाला कान लावून सांगायचात की पाणी कुठवर आलंय, कुठे हवा अडलीय, कुठे सांधा गळतोय. लोक तोंडात बोट घालायचे. मीही घालायची. मला तुम्ही शिकवलंत तेही आठवतं. टँकर रिकामा झाला तरी पाइप रिकामा होत नाही. वरचं टोक खांद्यावर घ्यायचं आणि पाइप खांद्यावरून मागे सारत सारत खाली चालत जायचं, म्हणजे आत राहिलेलं पाणी तोंडाशी येतं. "पोटातलं सगलं काढल्याबिगर पाइप गुंडालायचा नाय," असं तुम्ही म्हणायचात. मी ते इतक्या मन लावून शिकले की अजून हात विसरले नाहीत.

त्या पाइपातल्या पाण्याला गावात नावच पडलं होतं. ओहोळापलीकडे कातकरी वाडी. वाडीच्या विहिरीपर्यंत टँकर जात नव्हता, म्हणून वाडीच्या बायका गावच्या विहिरीवर यायच्या, पण गावच्या बायकांचं भरून झाल्याशिवाय त्यांनी काठावर यायचं नाही, असा दंडक. तोवर विहिरीत गाळ उरायचा. मग टँकर रिकामा झाल्यावर तुम्ही पाइप खांद्यावर घेऊन चालायचात आणि त्या बायका पाइपाच्या तोंडाशी हंडे घेऊन ओळीने बसायच्या. हंडाभर पाणी, फार तर दोन. वाडीला पाइपातलं, असंच सगळे म्हणायचे, जसं पंगत उठल्यावर उरलेलं. तुम्ही ते देताना विनोद करायचात. एखादीचा हंडा भरत आला की मुद्दाम पाइप हलवायचात, धार बाजूला जायची, बाई हंडा घेऊन धारेमागे गुडघ्यांवर सरकायची आणि गाव हसायचं. तुम्ही वाईट माणूस आहात असं तेव्हा कोणालाच वाटत नव्हतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि आपल्या घरात तर पारध्याचं कौतुकच होतं.

बारावीनंतर दोन वर्षांनी मला त्याच वाडीच्या अंगणवाडीत सेविका म्हणून नेमलं. नेमणुकीचा कागद आला त्या दिवशी तुम्ही मला काय दिलंत ते सांगू? नळ. स्वयंपाकघरातल्या मोरीच्या भिंतीवर लोखंडी पिंप बसवलंत, त्याला खाली पितळी नळ लावलात, आणि रस्त्यावरून येणारा एक पाइप खिडकीतून आत घेऊन त्या पिंपात सोडलात. "माझी पोरगी आता सरकारी मानूस झाली, तिच्या डोक्यावर हंडा नको," म्हणालात. आईची मान हंडे वाहून वाहून कायमची वाकडी झाली होती. ती त्या दिवशी नळापुढे पाट घेऊन बसली, नळ सोडायची, बंद करायची, पुन्हा सोडायची. मे महिन्यात घरात नळाचं पाणी असलेलं गावातलं एकच घर आपलं. मी तुमच्या पाया पडले. मला फार आनंद झाला होता, बाबा. तो पाइप कुठून आला हे मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. त्याच आठवड्यात पंचायतीत वाडीसाठी म्हणून पाइप आला होता. आधीच्या पाइपाला जोडला की ओहोळावरून थेट वाडीच्या विहिरीत पाणी पडलं असतं. तो दोन दिवस पंचायतीच्या ओट्यावर पडला होता, मग दिसेनासा झाला. वाडीवाल्यांनी विचारलं की तुम्ही सांगायचात, "पाइप फुटलाय."

टँकरच्या खेपेच्या वहीवर बाईची सही लागायची. गावच्या खेपेवर आई अंगठा द्यायची. वाडीच्या खेपेवर सही कोणाची, तर अंगणवाडीच्या बाईंची. वाडीची खेपही गावच्याच विहिरीत पडायची आणि मी लिहून द्यायची की वाडीला पाणी मिळालं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, पण..." आणि तुम्ही पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलंत. दुसऱ्या दिवशी मीच काढलं. अंगणवाडीत मी पोरांना काट्याला लटकवून वजनं घ्यायची आणि तक्ता भरायची. त्या उन्हाळ्यात तक्त्यावरची रेघ खाली खाली येत होती. बायका ओहोळात खड्डे खणून वाटीवाटीने पाणी जमवायच्या, तेच पोरं प्यायची, आणि पोरांना जुलाब लागले की मी त्यांच्या आयांना स्वच्छतेवर चार गोष्टी सुनवायची. पाणी उकळून प्या म्हणायची. उकळायला काय, ते मात्र सांगत नव्हते.

माझी मदतनीस वाडीचीच होती. तिशीतली, काटकुळी, बोलायला कमी. खिचडीला लागणारा हंडा ती रोज कुठूनतरी आणायची, कुठून ते मी विचारलं नाही. तो दिवस तुम्हाला आठवत असेलच, निदान खाटेवर पडल्यापडल्या आठवला असेल. दुपारचे दोन वाजले असतील. टँकर अजून पुरता रिकामा झाला नव्हता, तुम्ही उतारावर वरच्या बाजूला पाइपाचं तोंड धरून उभे, ड्रायव्हर वालपाशी, मी वही घेऊन बाभळीच्या सावलीत. ती पुढे आली.

"दादा, आज पाइपातलं नको. आमच्या हिरीत सोडा. पाइप जोडा."

"पाइप फुटलाय," तुम्ही म्हणालात.

"फुटलाय तर तुमच्या खिडकीत कसा गेलाय?"

ती हे भांडायला म्हणून बोलली नव्हती. तिने नुसतं विचारलं होतं आणि बोट दाखवलं होतं. सगळ्यांनी आपल्या खिडकीकडे बघितलं, जणू काही तो पाइप त्यांनी आधी बघितलाच नव्हता. तुमचं तोंड लाल झालं. मग तुम्ही हसलात, ते तुमचं पाणी वाटतानाचं हसू, आणि ड्रायव्हरला म्हणालात, "सोड रे पूर्ण." आणि तिला म्हणालात, "पानी पायजे ना तुला? हे घे." पाइपाचं तोंड हाताने दाबून तुम्ही धार तिच्या छातीवर सोडलीत. ती मागे पडली, हंडा घरंगळत गेला, ती मनगटावर आपटली. तुम्ही थांबला नाहीत. ती उठायला गेली की पुन्हा. ज्या पाण्याचा थेंब सांडला तर तुम्ही बायकांच्या सात पिढ्या काढायचात, ते पाणी मातीत चाललं होतं. आधी ड्रायव्हर हसला, मग गावच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मीही हसले, बाबा. मोठ्याने नाही, पण तुम्हाला दिसेल इतपत.

वाल बंद झाला तेव्हा ती चिखलात बसली होती. डावं मनगट लोंबत होतं. तिने उजव्या हाताने हंडा ओढून घेतला, मांडीत धरला, पदराचं टोक दातांत पकडलं आणि पदर पिळायला लागली. एका हाताने, सावकाश. पाणी हंड्यात पडत होतं. पदर झाला, मग ओचा पिळला, मग चोळीच्या बाह्या. हसणं कधी थांबलं मला कळलं नाही. तेवढं ते गढूळ पाणी डोक्यावर घेऊन, एका हाताने हंडा सावरत ती ओहोळ उतरून गेली, बकरीसाठी घेऊन गेली हे मला मागून कळलं. तुम्ही माझ्यापाशी आलात. वहीवर शिंतोडे उडून कागद भिजला होता. "वाडीची खेप लिही," म्हणालात. मी लिहिली. शाई फुटली, म्हणून पुन्हा गिरवून सही केली.

त्या दिवशी जेवताना मी पानावर नुसती बसून होते. तुम्ही आमटी ओरपत म्हणालात, "काय झालं गो? घास नाय उतरत?" मी म्हटलं, तिचा हात मोडलाय. तुम्ही वाटी खाली ठेवलीत. "मुंबईचा पाइप बघितलास कधी? हत्ती जाईल आतून. आपल्या धरनाचं पानी आपल्या नाकासमोरून नेतात. त्यांना कोन इचारतं? तू इचारलंस? मग मला पन इचारायचं नाय." तुम्ही नळाकडे बोट दाखवलंत. "त्याचंच पितेस ना? मग गप पी." आईने उठून नळ सोडला, पेला भरला आणि माझ्यापुढे ठेवला. तिच्या वाकड्या मानेमुळे ती माझ्याकडे बघतेय की खाली, ते कळायचं नाही. मी प्याले. गार पाणी होतं.

पुढे आई गेली. मला भाऊ नाही, माझं लग्न जमलं नाही, आणि तुम्हाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तुमचं सगळं माझ्यावर आलं. वाचा गेली, गिळता येईना. कल्याणच्या इस्पितळात नाकातून नळी घातली आणि तिथल्या नर्सने मला शिकवलं. नळी आधी बोटांनी दाबून धरायची, म्हणजे आत हवा जात नाही. दट्ट्या काढलेल्या पिचकारीत पाणी ओतायचं, पिचकारी उंच धरायची, मग बोट सोडायचं, पाणी आपोआप उतरतं. ती म्हणाली, "ताई, पटकन जमलं हो तुम्हाला." मी म्हटलं, "घरचाच धंदा आहे." तुम्ही ऐकत होता. तुमचे डोळे माझ्या बोटांवर होते, सांधा गळतोय का बघत होते.

आता ते लिहिते ज्यासाठी लिहायला बसले, असं मला सकाळी वाटत होतं. तहान लागली की तुम्ही डाव्या हाताने खाटेची कड वाजवायचात. मी यायची, पिचकारी भरायची, नळी दोन बोटांत दाबून धरायची आणि पाणी तुमच्या डोळ्यांसमोर उंच धरून उभी राहायची. "पाइप फुटलाय, बाबा," म्हणायची. "काय करू या?" तुमच्या घशातून आवाज यायचा. मी पिचकारी थोडी हलवायची, आतलं पाणी डचमळायचं, तुमचे डोळे त्यामागे जायचे. कधी पन्नास मोजेपर्यंत, कधी भात शिजेपर्यंत. रोज नाही, पण पुष्कळदा. मला बरं वाटायचं. कोणाच्या तरी वतीने करतेय असं वाटायचं, हेच तर त्यातलं सुख होतं.

तुम्हाला कुशीवर वळवायला मला एकटीला जमत नव्हतं, म्हणून मी मदतनिसीला अंगणवाडी सुटल्यावर घरी बोलवायची. ती नाही कशी म्हणणार, तिची हजेरी मीच लावत होते. ती यायची, तुम्हाला वळवायची, पाठ पुसायची, घाण काढायची. तुम्ही भिंतीकडे बघायचात. एकदा ती मोरीत फडकं धूत होती आणि मी खाटेपाशी पिचकारी उंच धरून उभी होते. "पाइप फुटलाय," मी म्हटलं, जरा मोठ्याने, तिला ऐकू जावं म्हणून. मला वाटलं तिला समजेल. ती हसेल कदाचित. ती हात पुसत आली, तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, घरात नसतं तर येगली गोष्ट. हाय ना पानी? मग द्या की."

तिने माझ्या हातातून पिचकारी घेतली. त्या मोडून वाकड्या बसलेल्या मनगटाने ती उंच धरली आणि पाणी सोडलं. दया वगैरे काही नव्हती त्यात, गैरसमज नको. बकरीला पाजावं तसं पाजलं आणि पुन्हा फडकं धुवायला गेली. मला तुमचा राग आला नाही त्या दिवशी, तिचाच आला. तिच्या डोळ्यांत मी आणि तुम्ही एकाच रांगेत उभे होतो, आणि ते मला सहन झालं नाही. त्यानंतर मी तसं केलं नाही, पण ते तुमच्यासाठी नव्हे. दोन महिन्यांनी तुम्ही गेलात.

इथवर लिहून मी हात धुवून आले. पिंपात आता वेगळी नळी सोडलीय, पण पिंप तेच आणि नळही तोच. मघाशी म्हटलं की खाटेवरचं ते लिहायला बसले, ते खरं नाही. त्याची मला तेवढी लाज वाटत नाही. बापलेकीतला हिशेब होता, तो तिथे मिटला.

तुमचं तेरावं झालं आणि पुढच्या उन्हाळ्यात टँकर पुन्हा सुरू झाला. पाणीवाला नवा, पण वाडीला पाइपातलंच. ती खिचडी ढवळत होती, मान वर न करता म्हणाली, "बाई, दादा गेले. तो पाइप आता द्याल का?" सहा वर्षं सगळ्या वाडीने तो आपल्या खिडकीत बघितला होता, आणि त्या दिवशी धारेने पडल्यानंतर पहिल्यांदाच ती तो मागत होती. मला सगळं एकदम दिसलं. पाइप माझ्या घरातून निघणार, म्हणजे इतकी वर्षं तो कुठे होता हे निघणार, मग पंचायतीच्या कपाटातल्या खेपेच्या वह्या निघणार आणि पानापानावर माझी सही. नोकरी गेली असती. आणि खरं सांगायचं तर नोकरीच्याही आधी मला नळ दिसला. मी म्हटलं, "अगो, तो तर कधीच फुटला."

तिने ढवळायचं थांबवलं नाही. "बरं," म्हणाली. त्या संध्याकाळी मी पाइप खिडकीतून काढला, खांद्यावर घेऊन चालत पोटातलं सगळं पाणी काढलं, तुम्ही शिकवलं तसं, आणि गुंडाळून माळ्यावर टाकला. वाडी अजून टँकरवरच आहे, बाबा. अजून पाइपातलंच.

आज सकाळी तो खाली काढून अंगणात लांब पसरला. रबर तडकलं असेल, कापड कुजलं असेल, तर निदान मी बोलले ते खोटं तरी राहणार नाही, अशा आशेने. पिंपातल्या पाण्याने तो भरला, दोन्ही तोंडं ओट्यावर उचलून बांधली आणि तुमच्यासारखा कान लावत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. कुठेही गळत नाही. एक थेंबसुद्धा नाही. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली, "बाई, किल्ली द्या, पोरं आलीत," असा तिचा आवाज आला. मी धावत जाऊन पाइपावर गोणपाट टाकले, चारही, आणि मग तिला आत ये म्हटलं.